घरगुती बिअर : मोठे पातेले निवडताना

घरच्या घरी बिअर तयार करणे हा ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत चांगलाच रुळलेला छंद आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी असलेली परवान्याची अट रद्द झाली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आला. त्यानुसार एकच प्रौढ व्यक्ती असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बिअर करमुक्त करता येते. मात्र ती विकता येत नाही. राज्यांचे स्वतंत्र कायदे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत हा छंद कायदेशीर होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यामुळे पुढील माहिती, जेथे कायद्याची मोकळीक आहे अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे. परदेशी स्थायिक झालेली मराठी मंडळीही त्यात आलीच.

मोठे पातेले कशासाठी?

अमेरिकेत घरगुती बिअरचा एक घाणा साधारणपणे ५ गॅलनांचा, म्हणजे १९ लीटरचा असतो. नवशिक्याकडे बहुधा स्वयंपाकघरातील १५ ते २० लीटरचे पातेले असते. त्यात १९ लीटर रस उकळणे शक्य नसते. म्हणून माल्टचा तयार अर्क दहा-अकरा लीटर पाण्यात घालून उकळायचा आणि नंतर थंड पाणी घालून माप पुरे करायचे, अशी पद्धत पडली आहे.

ही पद्धत सोपी असली तरी तिच्या मर्यादा आहेत. माल्टच्या या गोड रसाला वर्ट म्हणतात. वर्ट दाट असेल तर तो उकळताना अधिक काळवंडतो आणि हॉप्समधील कडवटपणा त्यात कमी उतरतो. त्यामुळे फिकट रंगाची, स्वच्छ चवीची बिअर साधणे अवघड जाते. शिवाय तयार अर्काऐवजी धान्यापासून सुरुवात करायची झाल्यास सगळा वर्ट एकदमच उकळावा लागतो. मोठ्या पातेल्याची गरज निर्माण होते ती इथे.

हिशेब शेवटाकडून करावा

पातेल्याचा आकार ठरवताना बहुतेकांची चूक होते ती एकाच ठिकाणी : १९ लीटर बिअर हवी म्हणून वीस-बावीस लीटरचे पातेले आणले जाते. हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा लागतो.

आंबवण्याच्या भांड्यात १९ लीटर वर्ट हवा असेल, तर हॉप्सचा चोथा आणि साका यांसोबत पातेल्यात राहणारे सुमारे २ लीटर त्यात मिळवावेत. झाले २१ लीटर. उकळता वर्ट थंड झाला की सुमारे ४ टक्के आकसतो. म्हणजे उकळणे संपताना पातेल्यात २२ लीटर हवेत. तासाभराच्या उकळीत ४ लीटर आटतात असे धरल्यास आरंभी २६ लीटर लागतील. पिल्सनर माल्ट वापरताना अनेक जण दीड तास उकळतात. तेव्हा हा आकडा २८ वर जातो.

यात फेसासाठी जागा अजून धरलेलीच नाही. वर्टला पहिली उकळी येताना त्यातील प्रथिनांमुळे दुधासारखा फेस चढतो आणि पाहता पाहता उतू जातो. त्यासाठी किमान पाव हिस्सा जागा मोकळी असावी. हा सगळा विचार करता १९ लीटरच्या घाण्यासाठी ३८ लीटरचे, म्हणजे १० गॅलनांचे पातेले योग्य ठरते. ३० लीटरमध्ये काम होते, पण फेस ओसरेपर्यंत नजर हटवता येत नाही.

ऑस्ट्रेलियात रूढ झालेल्या पद्धतीत धान्य कापडी पिशवीत घालून त्याच पातेल्यात भिजवले जाते. त्यात सगळे पाणी आणि धान्य एकाच वेळी मावावे लागते. सुमारे ३१ लीटर पाण्यात ५ किलो धान्य घातले तर पातळी ३४ लीटरच्या वर जाते. या पद्धतीसाठी ३८ ते ४० लीटरहून लहान भांडे घेऊ नये.

दुप्पट घाण्यासाठी, म्हणजे ३८ लीटर बिअरसाठी, ५७ लीटरचे (१५ गॅलनांचे) पातेले लागते. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून सुरुवातीलाच ते घेण्याचा मोह होतो. पण त्यात लहान घाणा केल्यास वर्टची पातळी तळाशी राहते, तापमापक कोरडा पडतो, थंड करण्याचे वेटोळे पूर्ण बुडत नाही आणि पृष्ठभाग मोठा असल्याने पाणीही अधिक आटते. नेहमी जेवढी बिअर करायची, तेवढ्याच मापाचे भांडे घ्यावे.

खरेदी करताना गॅलनचा घोळही लक्षात ठेवावा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लीटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लीटरचा असतो.

आकार आणि धातू

गुऱ्हाळातील काहील रुंद आणि उथळ असते, कारण तेथे रस आटवणे हाच हेतू असतो. बिअरचे पातेले याच्या उलट, उंचीला व्यासाएवढे किंवा थोडे अधिक असते. त्यामुळे पाणी बेताने आटते आणि फेसाला जागा मिळते. मात्र उकळताना झाकण पूर्ण बंद ठेवू नये. माल्टमधून निर्माण होणारे डायमेथिल सल्फाइड वाफेबरोबर निघून जावे लागते. ते राहिले तर बिअरला शिजवलेल्या मक्यासारखा वास येतो.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि हलके असते आणि स्टेनलेस स्टीलच्या दहा पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. नवे भांडे आधी पाण्याने उकळून घेतल्यास त्यावर ऑक्साइडचा करडा थर बसतो. तो घासून काढू नये आणि कॉस्टिक सोडा कधीही वापरू नये. स्टेनलेस स्टील महाग असले तरी टिकाऊ आणि साफ करण्यास सोपे असते. त्यावर ब्लीच मात्र ठेवू नये, कारण क्लोरीनमुळे पोलादाला बारीक छिद्रे पडतात. पातळ तळाच्या स्टीलच्या भांड्यात माल्टचा अर्क करपण्याची भीती असते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला जाड तळ पाहून घ्यावा. एनॅमलच्या भांड्याचा टवका उडाला की आतील लोखंड गंजते आणि चव बिघडवते.

अमेरिकेत बिअरचे पोलादी पिंप वरून कापून त्याचे पातेले करण्याची प्रथा आहे. हे पिंप १५.५ गॅलनांचे, म्हणजे सुमारे ५८.७ लीटरचे आणि चांगले दणकट असते. पण दुकानात अनामत भरली म्हणजे पिंप विकत घेतले असे होत नाही. त्याची मालकी बिअर कंपनीचीच राहते. कायदेशीररीत्या विकले गेलेले पिंपच वापरावे.

पातेल्यामागोमाग येणारा खर्च

मोठे पातेले एकटे येत नाही. सर्वप्रथम प्रश्न येतो उष्णतेचा. १५ अंश सेल्सियसचे २६ लीटर पाणी उकळीला आणण्यास सुमारे २.६ युनिट ऊर्जा लागते. दीड किलोवॉटच्या शेगडीची सर्व उष्णता कामी आली असे धरले, तरी पावणेदोन तास मोडतात. पुढे तासाला ४ लीटर पाण्याची वाफ करण्यासच अडीच युनिट लागतात. म्हणजे दीड किलोवॉटच्या शेगडीवर खळखळती उकळी टिकणारच नाही. अमेरिकेतील १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या साध्या जोडणीची कमाल मर्यादाच १.८ किलोवॉट आहे.

त्यामुळे प्रोपेनची मोठी शेगडी किंवा २४० व्होल्टवरील विजेचा हीटर, असे दोनच पर्याय उरतात. प्रोपेनची शेगडी फक्त उघड्यावर वापरावी. बंद गॅरेजमध्ये वा तळघरात तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. विजेचा हीटर घरात चालतो, परंतु त्याची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून, गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या उपकरणासह करून घ्यावी.

दुसरा प्रश्न वजनाचा. पातेल्यासह २६ लीटर वर्टचे वजन तीस किलोंहून अधिक भरते. उकळता वर्ट साखरेमुळे अंगाला चिकटतो आणि त्याने होणारी भाजणी गंभीर असते. म्हणून भरलेले पातेले उचलण्याची वेळच येऊ नये, अशी मांडणी हवी. तळाजवळ तोटी असलेले पातेले घेण्याचे खरे कारण हेच आहे. तोटी सुटी करून धुता येईल अशी असावी. आत अडकलेला साका कुजतो. शेगडी रुंद, स्थिर आणि कमी उंचीची असावी आणि मुले व पाळीव प्राणी त्या भागात फिरकणार नाहीत याची काळजी घ्यावी.

तिसरा प्रश्न थंड करण्याचा. दहा लीटरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून निवते. वीस लीटरहून अधिक वर्ट तसा लवकर निवत नाही आणि कोमट अवस्थेत रेंगाळला तर त्यात नको ते जंतू वाढतात. यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे वर्टमध्ये सोडून त्यातून थंड पाणी खेळवतात. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते पातेल्यात सोडले की निर्जंतुकही होते.

खरेदीपूर्वी

पातेले, शेगडी, तोटी आणि वेटोळे या चारही वस्तूंची किंमत एकत्र मांडूनच निर्णय घ्यावा. सगळा खर्च एकदम पेलत नसेल, तर ३८ लीटरचे साधे अ‍ॅल्युमिनियमचे पातेले आणि चांगली शेगडी घेणे, हे महागडे पातेले आणून ते अपुऱ्या आचेवर ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. अशा वेळी तोटी नसल्यास वर्ट पातेल्यातच थंड करावा आणि नळीने दुसऱ्या भांड्यात उतरवावा. गरम पातेले उचलू नये. बिअरची चव वाढवणाऱ्या सोयी पुढे सावकाश जोडता येतात. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये.