गुंगींतील श्वासाची राखण

२०२१ सालच्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस नागपूरच्या रेल्वे स्थानकांत एक मालगाडी येऊन उभी राहिली. कोळशाच्या मालगाड्या या शहरास नवीन नाहींत. परंतु या गाडीवर विशाखापट्टणाहून भरून आणलेले द्रवरूप प्राणवायूचे सात टँकर होते. त्यांतील तीन येथें उतरवून घेण्यांत आले व बाकीचे चार नाशिककडे गेले. जी वस्तु आपणांस जन्मापासून फुकट मिळत आली, ती रेल्वेनें मागवावी लागते, हें त्या दिवशीं या शहरानें प्रत्यक्ष पाहिलें. त्याच दिवसांत घरोघर एक चिमुकलें यंत्र आलें. तें बोटाला चिमट्यासारखें लावावयाचें आणि त्यावर उमटलेला आंकडा वाचावयाचा. ‘आजोबांचें किती आलें?’ हा प्रश्न तेव्हां सकाळच्या चहाच्या आधीं विचारला जात असे. आंकडा ९५ च्या वर असला म्हणजे घराच्या जिवांत जीव येई; ९० च्या खालीं गेला म्हणजे धांवपळ सुरू होई.

साथ ओसरली आणि तें यंत्र कपाटांत गेलें. परंतु त्याचें खरें घर आपलें कपाट नव्हे. शस्त्रक्रियेचें दालन व दुर्बिणीची खोली हें होय. वृद्ध माणसास पोटाच्या किंवा आंतड्यांच्या तपासणीसाठीं नेलें असतां त्यास बहुधा शिरेंतून औषध देऊन गुंगी आणतात व बोटाला हाच चिमटा लावतात. गुंगींतल्या माणसाच्या श्वासावर पहारा कोणीं व कसा ठेवावा, हा प्रश्न मात्र पावणेदोनशें वर्षांचा जुना आहे. आणि त्याच्या निवाड्याचें एक मोठें प्रकरण आपल्या शेजारीं, हैदराबादेस घडलेलें आहे. मराठवाडा तेव्हां त्याच राज्यांत मोडत होता.

एडिंबरोच्या सिम्सन यानें १८४७ च्या नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्मचा गुण शोधून काढला. वेदनेवांचून शस्त्रक्रिया होऊं लागली, म्हणून जगानें त्याचा जयजयकार केला. परंतु तीन महिनेही लोटले नाहींत तोंच, १८४८ च्या जानेवारींत, हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं भूल दिली असतां दगावली. तेव्हांपासून वैद्यांत दोन तट पडले. लंडनचे वैद्य म्हणत, हृदय आधीं थांबतें, यास्तव नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचे म्हणत, श्वास आधीं थांबतो, यास्तव नाडी सोडा आणि छातीकडे पाहा.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचा सर्जन एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या साइम या गुरूचा शिष्य. आपल्या गुरूचें मत सिद्ध करावें म्हणून त्यानें १८८८ सालीं प्रयोगांची एक समिति नेमविली. ‘लॅन्सेट’ पत्रानें तिच्या निष्कर्षावर शंका घेतली. तेव्हां निजाम मीर महबूब अली खान यांनीं एक हजार पौंड देऊं केले व लंडनहून तज्ज्ञ पाठवावा असें सुचविलें. त्याप्रमाणें लॉडर ब्रंटन हा नाणावलेला वैद्य १८८९ सालीं हैदराबादेस आला. शेंकडों मुक्या जनावरांवर प्रयोग झाले. ते वाचतांना आज मन कचरतें. निष्कर्ष असा निघाला कीं, क्लोरोफॉर्मनें श्वास आधीं बंद पडतो व हृदय मागाहून. लॉरीच्या आनंदास पारावार राहिला नाहीं.

पण इतिहास एवढ्यावर थांबला नाहीं. पुढें १९११ च्या सुमारास लेव्ही यानें दाखवून दिलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतां हृदय एकाएकीं तडफडून बंद पडूं शकतें. म्हणजे लॉरीचा सिद्धांत अर्धाच खरा होता. तथापि त्यांतून निघालेली संवय टिकली, व ती टिकली हें बरें झालें. भूल देणाऱ्यानें दुसरें कांहीं न करतां श्वासाकडे पाहात राहावें, ही ती संवय. याच हैदराबादेंत रूपाबाई फरदुनजी या पारशी बाईंनीं १८८९ पासून अनेक वर्षें भूल देण्याचें काम केलें. जगांतील आद्य भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते.

आपल्या मराठी मुलुखांतली एक रात्र येथें आठवते. १९२४ च्या जानेवारीच्या १२ तारखेस पुण्याच्या ससून रुग्णालयांत येरवड्याचे कैदी महात्मा गांधी यांचें आंत्रपुच्छ कर्नल मॅडॉक यांनीं कापून काढलें. शस्त्रक्रिया चालू असतांच विजेचा दिवा गेला व उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें. अशा वेळीं डोळ्यांस दिसेनासें झालें तरी श्वास कानांनीं ऐकूं येतो व तळहातास लागतो. यंत्रावांचूनच्या त्या काळांत हाच भूल देणाऱ्याचा खरा आधार होता.

आतां दुर्बिणीकडे वळूं. १८६८ सालीं कुस्माउल या जर्मन वैद्यानें तलवार गिळणाऱ्या एका खेळाडूच्या घशांतून सरळ नळी उतरवून पोटांत डोकावून पाहिलें. सामान्य माणसास तें कोठून साधावें? पुढें १९५७ मध्यें हिर्शोविट्झ यानें कांचतंतूंची लवचिक दुर्बीण बनविली, आणि ही तपासणी सर्वांच्या आवांक्यांत आली. तिच्याबरोबर गुंगीचीं औषधेंही आलीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देणारा वैद्य निराळा असे. दुर्बिणीच्या खोलींत मात्र पुष्कळदां एकच वैद्य गुंगीही देई आणि आंतही पाही. त्याचे डोळे पडद्यावर खिळले, म्हणजे छातीकडे पाहावयास कोण उरलें?

यांत सर्वांत अधिक धोका वृद्धांस. वयाबरोबर फुप्फुसांची लवचिकता कमी होते व रक्तांत मुळांतच प्राणवायु थोडा कमी असतो. रक्ताभिसरण मंद असल्यामुळें औषध उशीरा पोंचतें. परिणाम दिसत नाहीं म्हणून घाईनें दुसरी मात्रा दिली, तर दोन्हींचा भार एकदम पडतो. दांत नसले व जबडा सैल पडला म्हणजे जीभ मागें सरकून वाट अडविते. यास्तव जाणते वैद्य वृद्धांस औषध कमी मात्रेनें, थांबून थांबून देतात, आधींपासूनच नाकावाटे प्राणवायु सुरू ठेवतात, आणि श्वास अडखळतांच हनुवटी पुढें उचलून धरतात. हा शेवटचा उपाय क्लोरोफॉर्मच्या काळापासून चालत आलेला आहे.

इंग्लंडांत सुमारें चौदा हजार तपासण्यांचा पडताळा घेऊन १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत असें आढळलें कीं, दर दोन हजार तपासण्यांमागें सुमारें एक मृत्यु घडतो, आणि पहाऱ्याचा अभाव व गुंगीच्या औषधाची मोठी मात्रा यांचा अनर्थाशीं संबंध आहे. तोंपर्यंत जपानचे ताकुओ आओयागी यांची १९७४ सालची युक्ति रुग्णालयांत रुळूं लागली होती. बोटांतून दोन प्रकारचा प्रकाश पार करावयाचा, नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा तेवढाच भाग मोजावयाचा, आणि रोहिणींतल्या रक्तांत प्राणवायु किती भरला आहे तें ताडावयाचें. हाच आपल्या घरांतला चिमटा. बोट गार पडलें किंवा नखाला रंग असला तर तो चुकतो. सांवळ्या कातडीवर कधीं कधीं वास्तवापेक्षां थोडा अधिक आंकडा दाखवितो.

याहून मोठा चकवा निराळाच आहे. नाकावाटे प्राणवायु चालू असतां श्वास मंदावला, फार काय क्षणभर थांबला, तरी फुप्फुसांत सांठा असल्यामुळें आंकडा कांहीं वेळ उत्तमच राहतो. तो खालीं येऊं लागेल तेव्हां मोलाची मिनिटें निघून गेलेलीं असतात. म्हणून उच्छ्वासांतला कार्बन डायऑक्साइड मोजणारें यंत्र, कॅप्नोग्राफ, पुढें आलें. तें श्वास थांबल्याची वर्दी लागलीच देतें. चिमटा प्राणवायूचा हिशेब ठेवतो, श्वासाचा नाहीं. लॉरीच्या गुरूनें छातीकडे पाहा असें कां म्हटलें, तें येथें पुन्हां कळून येतें.

नागपुरांतील पुष्कळ घरांनीं २०२१ सालीं आंकड्यावर डोळे लावून रात्री काढल्या. त्या आंकड्याविषयीं आम्हांसही कृतज्ञता वाटते. परंतु घरांतील वडील माणसास दुर्बिणीच्या तपासणीसाठीं नेतांना केवळ चिमटा लावला आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. दमा, हृदयविकार, घोरणें, चालू औषधें हें सारें आधींच सांगावें. आणि वैद्यास नम्रपणें एक प्रश्न विचारावा: आपण आंत पाहात असतां यांच्या श्वासाकडे कोण पाहणार? चांगल्या वैद्यास या प्रश्नाचा राग येत नाहीं. बहुधा तो त्या माणसाकडे बोट दाखवितो.