तळघरातला ‘बोस्टन’

मागच्या वेळी आपण रॉक बँड रंगमंचावर कसे घडले ते पाहिलं. क्लबात वाजवायचं, गाडीत सामान भरायचं, पुढच्या गावाला जायचं. आज मात्र उलटी गोष्ट आहे. ‘बोस्टन’ हा बँड लोकांसमोर जवळपास आलाच नव्हता, आणि त्याचा पहिला अल्बम ऑगस्ट १९७६ मध्ये बाजारात आला तो थेट डोक्यावर घेतला गेला. एकट्या अमेरिकेत या अल्बमला १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र आहे.

हे घडलं कुठे? मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला, एका घराच्या तळघरात. टॉम शोल्झ हा एमआयटीतून शिकलेला यांत्रिकी अभियंता, पोलरॉईड कंपनीत नोकरीला. दिवसा कॅमेऱ्यांचं काम, रात्री तळघरात टेप मशीन. पगार यंत्रांवरच जायचा. गिटार, बास, ऑर्गन, बरंचसं सगळं त्यानं स्वतःच वाजवून एकावर एक थर चढवले. गळा ब्रॅड डेल्पचा. आज घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा एकेका थरासाठी टेप मागे घ्यायची, पुन्हा वाजवायचं, चुकलं की पुन्हा मागे.

बऱ्याच कंपन्यांनी हे डेमो परत पाठवले. अखेर एपिक कंपनीनं करार केला, पण अट घातली की सगळं पुन्हा लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक स्टुडिओत, अनुभवी निर्मात्याच्या हाताखाली व्हायला हवं. इथे मोठी गंमत झाली. निर्माता जॉन बॉयलन बाकीच्या मंडळींना घेऊन लॉस एंजेलिसला गेला; तिथे डेल्पचं एक गाणं पूर्ण झालं आणि कंपनीला वाटलं काम सुरळीत चाललंय. शोल्झ मात्र तळघरातच होता. पुढे एक रेकॉर्डिंगची गाडी त्याच्या घराशी आणून तळघरातल्या टेप २४ ट्रॅकवर उतरवल्या गेल्या. आमच्या मते या अल्बमचा खरा इतिहास त्या गाडीपाशी आहे, मुखपृष्ठावरच्या गिटारच्या आकाराच्या अंतराळयानांत नाही.

एक माणूस मात्र या यशात मागे पडला. सुरुवातीच्या डेमोंत जिम मॅस्डिया ड्रम्स वाजवत होता. अल्बमवर बहुतेक गाण्यांत सिब हॅशियन आहे. मॅस्डियाचे ड्रम्स राहिले ते ‘रॉक अँड रोल बँड’मध्ये. क्लबातून वर आलेल्या बँडची कथा सांगणारं हे गाणं. म्हणजे जी कथा या बँडची नव्हतीच, तिच्यात तो उरला!

आता कंपनीला पुढचा माल हवा होता, तोही लवकर. दुसरा अल्बम १९७८ मध्ये आला, पहिल्या क्रमांकावरही गेला, पण शोल्झचं म्हणणं होतं की घाईत तो अपुरा सुटला. तिसऱ्यासाठी त्यानं पुन्हा तळघराची चाल धरली. वर्षं जात राहिली. १९८३ मध्ये एपिकची मालक कंपनी सीबीएसनं करारभंगाचा दावा ठोकला. तो अल्बम १९८६ मध्ये दुसऱ्याच कंपनीकडून, एमसीएकडून निघाला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. खटल्याचा कौल लागला १९९० मध्ये, शोल्झच्या बाजूनं.