फुटलेली बाटली दिसते, बिघडलेली दिसत नाही : वाइनच्या प्रवासाचा इतिहास

आज आपण कर्वेनगरात बसून वाइनच्या प्रवासावर बोलणार आहोत. हे गाव मूळचं हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली पुण्यात सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम 1900 साली इथे एका झोपडीत हलवला. म्हणजे या वस्तीच्या नावामागेच एक स्थलांतर आहे. आज इथलं स्थलांतर रीडेव्हलपमेंटचं. जुनी सोसायटी पाडायची, दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि मग नव्या फ्लॅटमध्ये यायचं. एकाच संसाराची दोनदा बांधाबांध! त्या संसारात हल्ली काही घरी एक नवा कप्पा असतो. नाशिकहून आणलेल्या, परदेशातल्या मुलांनी दिलेल्या, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवलेल्या दहा-वीस बाटल्या. त्या हलवायच्या कशा, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका नवा नाही. तो महाराष्ट्रात दोन हजार वर्षं जुना आहे.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. भडोच बंदरात काय उतरतं, याची यादी तो देतो, आणि त्यात वाइन आहे : मुख्यतः इटलीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी उंची वाइन वेगळी. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असंही तो सांगतो. या गावांचा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येत असे.

मग वाइन देशावर पोचली का? डॉ. ह. धी. सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 56 या काळात प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा भूमध्य समुद्राकडच्या ॲम्फोरांची खापरं तिथे मिळाली. ॲम्फोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा उंच मातीचा कुंभ. अशा प्रत्येक कुंभात वाइनच होती असं म्हणता येत नाही, कारण तेल आणि माशाचं कालवणही त्यातून जाई. पण भांडं पोचलं, हे नक्की.

आता त्या भांड्याची रचना बघा. एका कुंभात साधारण 25 लिटर मावत, आणि काही जातींत रिकाम्या कुंभाचं वजनच जवळपास तेवढे किलो असे. निमुळतं बूड खालच्या थरातल्या कुंभांच्या खांद्यांमधल्या फटीत बसे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका रोमन जहाजात असे हजारो कुंभ तीन थरांत रचलेले सापडले, मध्ये झुडपांच्या काड्या आणि लव्हाळ्याचा भराव. आपल्याकडे हापूसच्या पेटीत पेंढा घालतात ना, तोच विचार. हा झाला पहिल्या शत्रूचा बंदोबस्त : धक्का.

दुसरा शत्रू हवा. माती सच्छिद्र असते, म्हणून वाइनच्या कुंभाला आतून राळेचा लेप देत. घारापुरीसारख्या ठिकाणी मिळालेली काही खापरं, जी पूर्वी रोमन समजली गेली होती, ती इराकच्या बाजूच्या बिनकानाच्या लांबट रांजणांची आहेत असं पुढच्या अभ्यासात दिसलं. त्यांना आतून नैसर्गिक डांबराचा लेप असे. मुलूख वेगळा, युक्ती तीच. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीतली जाड काच आली, तिला बुचाची जोड मिळाली, आणि अठराव्या शतकात बाटली सरळ नळकांड्यासारखी झाली. त्यामुळे ती आडवी ठेवता आली, बूच ओलं राहिलं, हवा बाहेर राहिली.

तिसरा शत्रू उष्णता. इथे मात्र कुणाचीच मात्रा चालली नाही. अटलांटिकमधल्या मदीरा बेटावर थांबून जहाजं वाइनची पिंपं घेत आणि हिंदुस्थानच्या वाटेला लागत. उष्ण कटिबंधातून महिनोन्‌महिने जाताना ती वाइन अक्षरशः शिजे. व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की हिची चव उलट खुलते. मग जाऊन-येऊन आलेल्या पिंपांना मुद्दाम जास्त भाव मिळू लागला. पण हा अपवाद आहे बरं का! मदीरात वरून स्पिरिट मिसळलेलं असतं. नेहमीच्या वाइनला हा प्रवास मानवत नाही.

आपल्या घरातली चूक नेमकी इथेच होते. आपण फक्त पहिल्या शत्रूशी लढतो. बाटलीला जुने सकाळ-लोकसत्ता गुंडाळतो, खोक्यावर 'काच' लिहितो, आणि मे महिन्यात दुपारी बाराला टेम्पो बोलावतो. बंद टेम्पोत पुण्याचं ऊन चढतं, आतली वाइन प्रसरण पावते, बूच किंचित वर सरकतं, गार झाल्यावर हवा आत जाते. बाटली साबूत दिसते. पंचविसाव्या वाढदिवशी उघडली की कळतं.

म्हणून आधी ऋतू आणि वेळ ठरवा : शक्यतो थंडीत, नाहीतर पहाटे. वाइन शॉपमधून कप्प्यांची रिकामी खोकी मागून आणा. बाटली आणि कप्प्यामध्ये हलायला जागा ठेवू नका. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. हे खोकं टेम्पोत शेवटी चढवा, पहिलं उतरवा. शक्य असेल तर स्वतःच्या एसी गाडीतूनच न्या, पण गाडी उन्हात लावून चहाला थांबू नका. तात्पुरत्या घरात माळा आणि स्वयंपाकघर टाळा. सर्वांत गार खोलीतलं, उन्हापासून लांबचं कपाट निवडा. जुनी वाइन असेल तर तळाचा गाळ बसायला काही आठवडे द्या, मगच उघडा.

आणि चौथी गोष्ट, जी रोमन व्यापाऱ्याला नव्हती : परवाना. 1980 च्या दशकात नारायणगावला शॅम्पेनसारखी फेसाळ वाइन तयार होऊ लागली, 1999 नंतर नाशिकला सुला उभी राहिली, 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं. तरी 1949 चा दारूबंदी कायदा लागूच आहे. दारू बाळगायला आणि नेायला परवाना लागतो, प्रमाणाला मर्यादा असते. घर परराज्यात हलवत असाल तर तिथले नियम वेगळे, आणि गुजरातेत तर दारूबंदीच. म्हणून आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करा, आणि मूव्हर्सवाल्यांना खोक्यात काय आहे ते खरं सांगा. कित्येक जण दारू नेतच नाहीत.

शेवटी एक सुचवतो. बांधण्याआधी यादी करा : कोणती बाटली, कोणी दिली, कधीसाठी ठेवली. ज्या फार दिवस टिकणाऱ्या नाहीत, त्या जुन्या घरातच शेजाऱ्यांबरोबर संपवा. साध्या वाइनपैकी बहुतेक दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच असतात, त्यांना दोन स्थलांतरं घडवण्यात अर्थ नाही. उरलेल्या मोजक्या बाटल्यांचीच मग नीट काळजी घेता येते.