पाणलोट क्षेत्रातील तापमापन : साधनबदलाचा इतिहास

हवेचे तापमान मोजणे वरकरणी सोपे वाटते. परंतु तापमापक कोठे व कशाखाली ठेवला आहे यावर त्याचे वाचन फार अवलंबून असते. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांतून आरंभी तापमापक गवताने शाकारलेल्या छपरीत टांगीत. टॉमस स्टीव्हन्सन यांची झडपांची लाकडी पेटी पुढे रूढ झाली. दोन्ही निवाऱ्यांतील वाचने तंतोतंत जुळत नसल्याने जुन्या व नव्या नोंदी सरसकट जोडणे धोक्याचे आहे. उंचीचा प्रश्न वेगळाच. निरभ्र, निवांत रात्री किमान तापमान जमिनीलगत नसून काही डेसिमीटर वर आढळते, असे एल. ए. रामदास व एस. आत्मनाथन यांनी १९३२ साली दाखविले, तेव्हा त्यावर प्रथम शंकाच घेतली गेली.

अरण्यातील ओढ्यांच्या पाहणीत आता पाऱ्याच्या तापमापकाऐवजी तासागणिक आपोआप नोंद ठेवणारी विद्युत् उपकरणे वापरतात. त्यांचीही अडचण आहे. नंदुरबार जिल्ह्यात धानोऱ्यासारख्या भागी पावसाळा सरल्यावर लहान ओढे आटू लागतात; उपकरण उघडे पडते आणि पाण्याच्या नावाखाली हवेचेच तापमान नोंदले जाते. काठावर सावलीत दुसरे उपकरण असल्यास हे ध्यानी येते. वाहत्या पाण्याचा दिवसरात्रीतील चढउतार हवेहून मर्यादित असतो. तो एकाएकी हवेइतका झाला की ओढा आटला असे समजावे. मात्र जुना तापमापक लगेच मोडीत काढता येत नाही. निदान एक संपूर्ण वर्ष दोन्ही साधने शेजारी चालवून त्यांतील फरक ऋतुवार नोंदवहीत लिहावा लागतो.