धुरावरून अग्नी : डोळ्यातल्या ‘एक्स’ घटकाचा शोध

मंडळी, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे न्यायशास्त्रातलं अनुमान आपल्याला माहीत आहे. आज आपण असंच एक अनुमान पाहू. त्यातला अग्नी हाती लागायला चाळीसएक वर्षं गेली.

उतारवयात दृष्टिपटलाच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागाची झीज होते. हा मध्यभाग म्हणजे मॅक्युला. झिजेच्या ‘ओल्या’ प्रकारात खालच्या कोरॉइड थरातून नको असलेल्या रक्तवाहिन्या वर घुसतात आणि पाझरू लागतात. मग समोर बसलेल्या माणसाचा चेहराच दिसेनासा होतो. १९८०च्या दशकात यावर लेसरचा उपाय होता. वाहिन्या जाळायच्या. पण त्यांच्यासोबत दृष्टिपटलही जळे, आणि वाहिन्या पुष्कळदा पुन्हा उगवत.

या वाहिन्यांना बोलावतं कोण? वाढत्या दृष्टिपटलाविषयी हा प्रश्न आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ सालीच विचारला होता. प्राणवायू भरपूर असलेल्या धमनीभोवती केशवाहिन्या विरळ, शिरांच्या बाजूला मात्र दाट. यावरून त्यांनी ताडलं, की प्राणवायूला आचवलेलं दृष्टिपटलच काही द्रव्य सोडत असावं. या न दिसलेल्या द्रव्याला पुढे ‘एक्स’ घटक म्हणू लागले.

पुढचा धागा कर्करोगाकडून आला. गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या बोलावते, तेव्हा ती हाकच थांबवा, असं १९७१ साली जूडा फोकमन यांनी मांडलं. १९८३ साली सेंगर आणि ड्वोरॅक यांना वाहिन्या पाझरवणारं प्रथिन सापडलं. १९८९ साली फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं. नावं दोन, वस्तू एकच निघाली : व्हीईजीएफ. १९९४ साली मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात ते वाढलेलं आढळलं, आणि नंतर मॅक्युलाच्या या रोगातही.

२००६ साली रॅनिबिझुमॅब आलं. एका मोठ्या चाचणीत वर्षअखेर सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर टिकली. औषध न मिळालेल्यांत ६२ टक्क्यांची. २०११ साली कर्करोगाचं स्वस्त बेव्हॅसिझुमॅबही तितकंच गुणकारी ठरलं. आपल्याकडच्या रुग्णांना याचा मोठा आधार झाला.

मात्र इथे आपण सावध राहू या. वाहिन्या कशामुळे वाढतात, हे व्हीईजीएफने सांगितलं; मॅक्युला मुळात का झिजतो, हे नाही. म्हणून तर इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. अग्नी सापडला, विझवताही येतो. तो पेटतो कशाने, हा प्रश्न अजून उभा आहे.