किनाऱ्यावर मोकळा झालेला रंग

१९०५च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरँ हे दोन चित्रकार दक्षिण फ्रान्समधल्या कोलियूर या मासेमारीच्या गावी राहिले. मातीसने तिथे रंगवलेल्या उघड्या खिडकीतून दिसणारं पाणी गुलाबी आहे, होड्यांच्या डोलकाठ्या केशरी आहेत. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात एका समीक्षकाने या मंडळींना ‘रानटी जनावरं’ म्हटलं.

ही धिटाई एका उन्हाळ्यात आलेली नव्हती. आदल्या वर्षी मातीस चित्रकार सिन्याकसोबत सां-त्रोपेच्या किनाऱ्यावर शुद्ध रंगांचे सुटे ठिपके मांडत होता. त्याही मागे गेलं तर १८४१ साली जॉन रँडने पेटंट घेतलेली पत्र्याची ट्यूब सापडते. तोवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत. ट्यूब खिशात घालता आली आणि कोबाल्ट निळा, कॅडमियम पिवळा असे नवे, झगझगीत रंग थेट उन्हात, वाऱ्यात पोचले. झपाझप मारलेला फटकारा उघड्यावरच जन्मतो, असं मला वाटतं.

मुंबईत मात्र कुंचला सैल केला तो पाण्याने. जे. जे. कलाशाळेच्या शिस्तीत तयार झालेले सावंतवाडीचे हळदणकर जलरंगावर हुकमत ठेवून होते. सय्यद हैदर रझा आणि अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे, दोघांनीही सुरुवातीला जलरंगातच निसर्ग रंगवला. ओल्या कागदावर रंग स्वतःच वाट काढतो, कडा पुसून टाकतो. त्यात वॉल्टर लँगहॅमर आले. नाझींमुळे देश सोडून मुंबईत आलेले हे ऑस्ट्रियन चित्रकार ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक होते आणि त्यांचा तैलरंग जाड, तेजस्वी. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची ये-जा असे. १९४७ साली रझा, गाडे, आरा, सूझा, हुसेन, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, तेव्हा पाण्याची आणि तेलाची ही दोन घराणी एकत्र आली होती.

असे रंग भडक, परके म्हणणाऱ्यांनी श्रावणात आंबेगावातून भीमाशंकरकडे जावं. भाद्रपदात जुन्नरच्या नाणेघाटाचं पठार सोनकीने पिवळं होतं, त्यावर काळाशार कातळ. यात कुठलाही रंग दबकून राहत नाही.

१९५० साली रझा फ्रान्सला गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी भूमध्य समुद्राजवळचं कान्य रंगवलं, पण तिथल्या घरांना घट्ट, भौमितिक रेषा दिल्या. मोकळा फटकारा त्यांच्याकडे पुन्हा भरात आला तो साठच्या दशकात.