फेरे मोजावेत की पीठ?

२००१ सालच्या दिवाळीतली गोष्ट. घरात संगणक घ्यायचा हे ठरले होते. पण कोणता, हे काही ठरत नव्हते. स्वयंपाकघरात करंज्यांचा घाट चालला होता आणि आम्ही दोघे भाऊ दोन दुकानांची दरपत्रके पुढ्यात घेऊन बसलो होतो. एका कागदावर इंटेल कंपनीचा ‘पेंटियम ४’ हा प्रोसेसर, १.५ गिगाहर्ट्झ, दुसऱ्यावर एएमडी कंपनीचा ‘ॲथलॉन’, १.२ गिगाहर्ट्झ. धाकट्याने निकाल देऊन टाकला, “दीड मोठा की एक पूर्णांक दोन? मग झाले तर!”

आत्या करंज्यांना मुरड घालीत होती. तिने तिथूनच विचारले, “आकडे कसले रे हे?” मी म्हणालो, “आतलं यंत्र सेकंदाला किती ठोके घेतं, त्याचे.”

“म्हणजे तुम्ही जात्याचे फेरेच मोजताय. पीठ किती पडतं ते कोणी पाहिलं? हलकं जातं गरगर फिरतं. जड जातं सावकाश फिरतं, पण घास मोठा घेतं.”

आम्ही हसलो आणि मोठ्या आकड्याचे यंत्र घरी आणले. त्याने आमचे काही अडवले नाही. मुलांचा अभ्यास झाला, आमची पत्रे लिहून झाली. पण आत्याचा प्रश्न मनात राहून गेला. पुढे या विषयाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांनी कित्येक वर्षे याच प्रश्नाभोवती घालवली होती.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. त्याचे प्रत्येक काम घड्याळाच्या ठोक्यावर चालते. इंटेलचा १९७१ सालचा ‘४००४’ सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोके घेई. पुढे हा आकडा वाढत गेला तसतसे यंत्रही खरोखरच वेगवान होत गेले. त्यामुळे ठोके म्हणजेच वेग, असे लोकांच्या मनाने घेतले. ६ मार्च २००० रोजी एएमडीने सेकंदाला १०० कोटी ठोक्यांचा, म्हणजे १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलनेही आपला १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ पुढे केला. या शर्यतीत आपल्याकडील वाचकांना एक दुवा सापडेल : पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पहिल्या पेंटियमच्या कामाची धुरा वाहिली, पुढे ते नेक्सजेन या कंपनीत गेले, आणि ती कंपनी एएमडीने विकत घेतल्यावर तेथील आराखड्यातूनच ‘के ६’ हा पेंटियमचा प्रतिस्पर्धी निघाला.

२० नोव्हेंबर २००० रोजी पेंटियम ४ बाजारात आला. त्याची रचना समजायला आमच्या स्वयंपाकघरातच डोकवावे. करंज्या करणाऱ्या बायका ओळीने बसतात : एक लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी मुरड घालते, चौथी तळते. ओळीत दहाऐवजी वीसजणी बसवल्या, तर प्रत्येकीचे काम निम्मे होते आणि हात दुप्पट भराभर चालतात. पेंटियम ३ मध्ये अशा १० पायऱ्या होत्या. पेंटियम ४ मध्ये २० केल्या. ठोके वाढले ते या युक्तीने.

पण मेख पुढेच आहे. संगणकाच्या कामात पदोपदी फाटे फुटतात : रक्कम शंभराहून अधिक असेल तर हे करा, नाहीतर ते करा. उत्तर हाती येईपर्यंत ओळ रिकामी बसवणे परवडत नाही, म्हणून प्रोसेसर अंदाज बांधून पुढचे काम सुरू करतो. अंदाज चुकला, की ओळीतल्या सगळ्या अर्धवट करंज्या टाकून पुन्हा पहिल्या लाटीपासून आरंभ! ओळ जितकी लांब, तितकी नासाडी अधिक.

परीक्षकांनी दोन्ही यंत्रांवर तीच कामे घड्याळ लावून करून पाहिली. नेहमीच्या कचेरीच्या कामांत आणि पुष्कळशा गणितांत १.२ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन १.५ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ च्या पुढे गेला. मात्र ‘क्वेक ३’ या खेळात, तसेच माहितीचे लोंढे एकसारखे वाहत राहतात अशा कामांत पेंटियम ४ सरस ठरला. तेव्हा एकाला सरसकट चांगले नि दुसऱ्याला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. कोणते पीठ दळायचे, यावर जाते ठरते.

तथापि गिऱ्हाईक आकडाच विचारी. एएमडीने मग ऑक्टोबर २००१ मध्ये निराळाच मार्ग काढला. १.५३ गिगाहर्ट्झच्या ‘ॲथलॉन एक्सपी’चे नाव ठेवले ‘१८००+’. आकड्यावर उतारा म्हणून दुसरा आकडाच काढावा लागला, यातली गंमत पाहा!

इंटेल आपल्या वाटेने चालत राहिली. २००४ सालच्या आवृत्तीत पायऱ्या ३१ झाल्या, आणि नखाएवढ्या तुकड्यातून शंभर वॉटच्या दिव्याहून अधिक उष्णता निघू लागली. त्या ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडून द्यावा लागला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका सभेत गुडघे टेकून विनोदाने क्षमा मागितली.

तोड निघाली ती घरातूनच. इस्रायलमधील हैफा येथे इंटेलच्याच अभियंत्यांनी मांडीवर घेऊन वापरायच्या संगणकांसाठी वीज जपणारा ‘पेंटियम एम’ २००३ साली केला होता. ठोके कमी, पण ठोक्यागणिक काम जास्त. त्याच वळणाचा ‘कोअर २ ड्युओ’ जुलै २००६ मध्ये आला. पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली होती; याचे साधे नमुने १.८६ पासून २.६७ पर्यंतच. तरी त्याने जुन्यांना सहज मागे टाकले. ज्या कंपनीने जगाला फेरे मोजायला शिकवले, तिनेच अखेर पिठाचे माप मान्य केले.

आत्या २००५ साली गेली. हे सारे तिला सांगायचे राहूनच गेले. सांगितले असते तरी तिला नवल वाटले नसते, “यासाठी एवढी वर्षं लागली?” एवढेच ती विचारती. आम्ही दोघे भाऊ शिकलेले. पण कागदावर मोठा आकडा दिसला, की पुढचा प्रश्न विचारायचे आम्हांला सुचले नाही. शाळेतल्या गुणांपुढे, पगाराच्या आकड्यांपुढेही पुष्कळदा आपले असेच होते. परवा नातवाने नव्या संगणकाचे दरपत्रक पुढे केले. मी चष्मा लावला, आकडे वाचले आणि विचारले, “याच्यावर तू दळणार काय आहेस, ते आधी सांग.”